धानाच्या मुलुखात पाइनचा बोन्साय

कुंडीतला पाइन जगतो तो मुळांपाशी खेळणाऱ्या हवेवर. डोंगरउतारावर, खडकांच्या भेगांत, मुरमाड जमिनीत वाढणारे हे झाड आहे. तिथे पाऊस कितीही कोसळला तरी पाणी त्याच्या मुळांपाशी थांबत नाही. गोंदिया जिल्ह्यातली शेती नेमकी याच्या उलट चालते. बांधीत चिखलणी करायची, पाणी अडवायचे आणि त्यात धान उभा ठेवायचा, ही इथल्या मातीची आणि माणसांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्याच सवयीने घरी आणलेल्या पाइनला अंगणातली माती, शेणखत आणि रोज भरपूर पाणी मिळते, आणि पहिल्याच पावसाळ्यात झाड जाते. मग दोष हवामानाला दिला जातो. खरे पाहता पाइनच्या काही जाती इथे कुंडीत चांगल्या वाढू शकतात. मात्र त्यांचे वर्षभराचे वेळापत्रक जपानी किंवा युरोपीय पुस्तकातून जसेच्या तसे उचलून चालत नाही. ते रोहिणी, मृग, हस्त, स्वाती या आपल्या नक्षत्रांवर बसवावे लागते.

परदेशी पुस्तकांत धास्ती असते ती बर्फाची. गोठणाऱ्या मातीपासून मुळे कशी वाचवावीत, यावर तिथे पानेच्या पाने लिहिलेली असतात. गोंदियात हा प्रश्नच येत नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पावसाळ्यात १२०० ते १४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा मोठा वाटा जुलै-ऑगस्टच्या दोन महिन्यांतच येतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र रात्रीचे तापमान ८-१० अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरते. विदर्भातल्या सर्वांत थंड ठिकाणांच्या बातमीत गोंदियाचे नाव वारंवार असते. पाइनसाठी ही थंडी मोठी देणगी आहे. मुंबई किंवा कोकणच्या दमट हवेत या झाडांना विश्रांतीचा काळ जवळजवळ मिळतच नाही, गोंदियात तो दीड-दोन महिने मिळतो. जपायचे ते दोनच काळ: रोहिणीचे ऊन आणि आषाढ-श्रावणातली झड.

महाराष्ट्राच्या जंगलात पाइनची एकही जात मूळची नाही. भारतात तो हिमालयात आणि ईशान्येकडच्या डोंगरांत वाढतो. त्यातला चीड, म्हणजे संस्कृतातला सरल, गोंदियाकरांना सर्वांत सोयीचा. हिमालयाच्या पायथ्याशी सुमारे ५०० मीटरपासून २००० मीटरपर्यंत त्याची वने आहेत. खालच्या पट्ट्यातल्या चिडाला उन्हाळ्याची झळ आणि मोसमी पाऊस दोन्ही ओळखीचे असतात. मेघदूतातल्या मेघाला यक्ष हिमालयातल्या ज्या वणव्याविषयी सांगतो, तो याच सरलवृक्षांची खोडे एकमेकांवर घासून पेटलेला आहे. यक्षाचा रामगिरी म्हणजे आपल्या शेजारचे रामटेक, असे विद्वानांनी मानले आहे. विदर्भातून हिमालयाकडे निघालेल्या त्या मेघाच्या वाटेवर हे झाड आधीपासूनच उभे आहे. वणव्याशी चिडाचे नाते खरोखर जुने आहे. जाड सालीमुळे मोठी झाडे आगीतून वाचतात, आणि कोवळे झाड जळाले किंवा तुटले तरी खोडावरून पुन्हा फुटवे काढू शकते. पाइनच्या बहुतेक जातींत हा गुण नसतो, आणि बोन्साय करणाऱ्याला नेमका तोच हवा असतो.

चिडाची अडचण त्याच्या सुयांची. तीन-तीनच्या जुडग्यात येणाऱ्या या सुया २० ते ३० सेंटिमीटर लांब असतात. वीतभर उंचीच्या झाडावर त्या शोभत नाहीत. म्हणून चिडाचा बोन्साय निदान दोन-अडीच फूट उंचीचा, जाड खोडाचा करावा. जपानचा काळा पाइन हा दुसरा पर्याय. दोन-दोन सुयांच्या जुडग्यांचे हे झाड समुद्रकिनाऱ्यावरचे असल्याने उकाडा आणि दमटपणा दोन्ही बऱ्यापैकी सोसते. त्याच्या सुया मुळात ७ ते १२ सेंटिमीटरच्या असतात आणि योग्य छाटणीने त्याहूनही आखूड करता येतात. छायाचित्रांत दिसणारे बरेच भारदस्त पाइन बोन्साय याच जातीचे असतात.

पाच सुयांच्या जपानी पांढऱ्या पाइनचा मोह मात्र सोडलेला बरा. त्याची कीर्ती मोठी आहे. १६२५ पासून कुंडीत वाढवलेला असा एक पांढरा पाइन ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमातल्या यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत होता. अणुबॉम्ब पडला त्या जागेपासून ती वाटिका सुमारे तीन किलोमीटरवर होती, आणि भिंतीच्या आडोशाने झाड वाचले. मासारू यामाकी यांनी १९७६ मध्ये तो अमेरिकेला भेट दिला. भेट देताना बॉम्बचा उल्लेख कोणी केला नव्हता. २००१ मध्ये त्यांचे नातू वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात ते झाड पाहायला गेले तेव्हा ही हकिकत उघड झाली. चारशे वर्षे जगणारे हे झाड गोंदियाचा एक मे महिना काढू शकत नाही. त्याला लांब, कडक थंडी लागते आणि तापलेल्या रात्री त्याला सोसत नाहीत.

उष्ण प्रदेशातला कॅरिबियन पाइन या भागात वाढेल का, हा प्रश्न एकदा फार मोठ्या प्रमाणावर विचारला गेला होता. १९७० च्या दशकात शेजारच्या बस्तरमध्ये जागतिक बँकेच्या मदतीने सालवन काढून त्या जागी कागदाच्या लगद्यासाठी कॅरिबियन पाइन लावण्याची योजना आली. साल हा तिथल्या आदिवासींच्या जगण्याचा आणि पूजेचा वृक्ष. विरोध इतका झाला की पुढच्या दशकाच्या सुरुवातीला योजना सोडून द्यावी लागली. जंगल उलथून पाइन लावणे चूकच होते. कुंडीतल्या एका पाइनने कोणाचे काही हिरावले जात नाही.

रोप आणण्याची वेळही महत्त्वाची. उन्हाळी सुट्टीत नैनिताल-मसुरीला गेलेली कुटुंबे तिथल्या रोपवाटिकेतून चिडाचे रोप घेऊन मे महिन्यात परततात. थंड डोंगरावरून निघालेले रोप दोन दिवस गाडीत राहते आणि उतरते ते थेट ४५ अंशांत. ते जगले तर नवलच. डोंगराळ भागातून रोप आणायचे तर नोव्हेंबर ते जानेवारी या काळातच आणावे, आणि तेही रोपवाटिकेतून, पिशवीत वाढलेले. जंगलातून उपटलेले रोप बेकायदेशीर असते आणि सहसा जगतही नाही, कारण पाइनची मुळे एका बुरशीच्या सोबतीने जगतात. कुंडीतून काढलेल्या निरोगी पाइनच्या मुळांवर पांढऱ्या जाळीसारखी ही बुरशी दिसते. रोग समजून ती धुऊन टाकणारे अनेक जण असतात. ती मुळांना पाणी आणि स्फुरद मिळवून देते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. पोर्टो रिको बेटावर विसाव्या शतकात पाइन लावण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसत होते. पाइनच्या वनातली माती आणून रोपांच्या मुळाशी घातली तेव्हा कुठे ती जोमाने वाढू लागली. म्हणून रोपाबरोबर आलेली मूळची माती सगळी झटकू नये, मूठभर तरी नव्या कुंडीत जाऊ द्यावी.

आता कुंडीतले मिश्रण. बोन्सायच्या पुस्तकांत अकादामा नावाच्या जपानी मातीचे कौतुक असते. ती भाजल्यासारखी कडक, दाणेदार माती आहे आणि भारतात महाग पडते. तिचे काम काय ते समजले की तिची गरज उरत नाही. दाण्यांच्या आत थोडे पाणी राहावे आणि दाण्यांच्या मध्ये हवा राहावी, एवढेच काम. बांधीतली कन्हार किंवा मोरांड माती हे कधीच करू शकणार नाही. तिचा गुणच पाणी धरून बसण्याचा आहे, आणि धानासाठी तो मोलाचा आहे. पाइनसाठी रेती आणि कवेलू घ्यावेत. नदीची भरड रेती चाळून दोन ते पाच मिलिमीटरचे खडे ठेवावेत, त्याखालची बारीक रेती टाकून द्यावी. जुन्या घरांवरून उतरवलेली कवेलू किंवा चांगल्या भाजलेल्या विटा फोडून त्याच मापाचे तुकडे करावेत. दोन वाटे रेतीचे खडे, दोन वाटे कवेलूचे तुकडे आणि एक वाटा पूर्ण कुजलेले पानखत एवढे मिश्रण पुरते. प्रत्येक घटक चाळून, धुऊन, वाळवूनच वापरावा. चाळणीखालची धूळ मिश्रणात राहिली तर दोन पावसांत ती तळाशी जाऊन बसते आणि भोके बुजवते. पाइन दगावण्याच्या कारणांत ही धूळ फार वरच्या क्रमांकावर आहे.

या मिश्रणात आणखी एक वस्तू चालते आणि ती गोंदियाइतकी सहज कुठे मिळणार नाही. जिल्ह्यात राइस मिल जागोजागी आहेत आणि धानाच्या टरफलांचे ढीग त्यांच्या आवारात पडलेले असतात. ही टरफले हवा कमी ठेवून काळी होईपर्यंत करपवली की हलका, सच्छिद्र कोळसा मिळतो. जपानमध्येही भातशेती असल्याने तिथले माळी हाच कोळसा कुंडीच्या मातीत मिसळत आले आहेत. प्रमाण एकूण मिश्रणाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नसावे, कारण त्याने मातीची आम्लता कमी होते आणि पाइनला किंचित आम्ल माती आवडते. मिलच्या भट्टीतून निघणारी करडी-पांढरी राख ही वेगळी वस्तू आहे. ती अधिक खारी, पाण्याने घट्ट बसणारी. ती कुंडीत घालू नये.

कुंडी बदलण्याचा काळ संक्रांतीनंतर सुरू होतो आणि महाशिवरात्रीच्या सुमारास संपतो. या दिवसांत फांद्यांच्या टोकांवरच्या कळ्या फुगू लागलेल्या असतात, पण फुटलेल्या नसतात. मुळांनी नवे अंकुर काढायला हीच वेळ योग्य, आणि कडक ऊन यायला अजून सहा-आठ आठवडे असतात. वाढत्या वयाच्या झाडाची कुंडी दोन-तीन वर्षांनी बदलावी, जुन्या झाडाची चार-पाच वर्षांनी. दरवर्षी उकरण्याची हौस पाइनला मारक ठरते. मुळांचा गोळा बाहेर काढून बांबूच्या काडीने कडेची माती मोकळी करावी, तळाची वेटोळी घातलेली मुळे कापावीत, मात्र एकूण मुळांच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कधीही काढू नयेत. मधला गोळा तसाच ठेवावा. झाड नव्या कुंडीत तारेने घट्ट बांधावे, कारण वाऱ्याने हलणाऱ्या झाडाची नवी मुळे धरतच नाहीत. नंतर भोकांतून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी घालावे आणि तीन-चार आठवडे दुपारच्या उन्हापासून व वाऱ्यापासून आडोशाला ठेवावे. या काळात खत नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात गारपीट होते. कुंडी हलवता येण्यासारखी असेल तर आभाळ भरून आले की पडवीत घ्यावी. एक गार वर्षाची फांदी मोडून जाते.

फाल्गुनात कळ्या लांबतात. सुया उघडण्यापूर्वी सरळ वर उभ्या राहणाऱ्या या फिकट कोंबांना बोन्साय करणारे सगळीकडे कँडल म्हणतात. झाडाची वर्षभराची ताकद यांत असते, आणि ती सगळीकडे सारखी वाटलेली नसते. शेंड्याकडच्या कँडल जाड आणि लांब, खालच्या व आतल्या फांद्यांवरच्या बारीक. तशाच वाढू दिल्या तर दोन-तीन वर्षांत वरचा भाग दाट होतो आणि खालच्या फांद्या वाळतात. पाइनची वाळलेली फांदी परत येत नाही. म्हणून सुया उघडण्याआधी चिडाच्या वरच्या जोरदार कँडल बोटांनी निम्म्या खुडाव्यात, मधल्या थोड्याशा खुडाव्यात, खालच्या अशक्त कँडलना हात लावू नये. खुडताना राळेचा चिकट थेंब येतो, तो आपोआप वाळतो.

काळ्या पाइनची रीत वेगळी. त्याच्या नव्या कँडल सुया पक्क्या होईपर्यंत वाढू देतात आणि मग तळाशी कापून टाकतात. झाड पुन्हा कळ्या काढते, आणि या दुसऱ्या बहराला वाढायला कमी दिवस मिळत असल्याने त्याच्या सुया आखूड राहतात. जपानात हे काम जून-जुलैत होते. हिशेब असा की कापल्यानंतर थंडीने वाढ थांबेपर्यंत सुमारे शंभर दिवस मिळावेत. गोंदियात वाढ मंदावते ती डिसेंबरात. शिवाय जुलैच्या झडीत एकाच वेळी शंभर ताज्या जखमा करणे म्हणजे बुरशीला दार उघडणे. म्हणून मघा नक्षत्राच्या सुमारास, ऑगस्टच्या उत्तरार्धात चार दिवसांची उघाड पडली की हे काम करणे अधिक शहाणपणाचे. त्या वर्षी कुंडी बदललेली असेल किंवा झाड फिके, मरगळलेले दिसत असेल, तर त्या वर्षी कापणी करूच नये. कापताना जुन्या सुया फांदीवर राहिल्याच पाहिजेत. सुया नसलेल्या फांदीवरून काळा पाइन सहसा फुटत नाही.

चैत्राच्या मध्यापासून खरी कसोटी सुरू होते. पाइनला वर्षभर उघडे ऊन हवे, दिवसाचे निदान सहा तास. घरात, टेबलावर ठेवलेला पाइन हळूहळू मरतो, आणि बऱ्याच दिवसांनी कळते, कारण मेल्यावरही सुया आठवडेच्या आठवडे हिरव्या दिसतात. एप्रिलपासून मात्र दुपारच्या उन्हाला पन्नास टक्क्यांच्या हिरव्या जाळीचा आडोसा द्यावा. सकाळचे ऊन पूर्ण मिळावे, अकरा-बारानंतर जाळीची सावली. उन्हापेक्षा घातक असते ती कुंडीची उष्णता. उथळ कुंडीतली माती दुपारी हवेहूनही जास्त तापते, आणि ती बराच वेळ चाळीस अंशांच्या वर राहिली की कोवळी मुळे भाजतात. वरून झाड दोन आठवडे ठीक दिसते, मग एकाएकी सुया लाल होतात आणि पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी ओतले जाते.

म्हणून स्लॅबच्या गच्चीवर कुंडी थेट ठेवू नये. विटांवर फळी टाकून ती निदान फूटभर उंच ठेवावी, खालून वारा खेळू द्यावा. पश्चिमेच्या भिंतीजवळ तर मुळीच नको, ती रात्री उशिरापर्यंत उष्णता ओकत राहते. कुंडीभोवती ओले बारदान गुंडाळावे. ते वाळताना कुंडीतली उष्णता ओढून घेते, आणि विदर्भाच्या कोरड्या हवेत हा उपाय फार चांगला लागू पडतो. मोठ्या घमेल्यात ओली रेती भरून त्यात कुंडी अर्धी पुरून ठेवण्याची पद्धतही चालते, फक्त घमेल्याला भोके असावीत. कुलरच्या मागच्या गरम झोतासमोर किंवा एसीच्या बाहेरच्या यंत्राजवळ कुंडी येणार नाही, हे पाहावे.

पाणी पहाटे आणि सूर्य मावळल्यावर, दोन्ही वेळा भोकांतून वाहेपर्यंत घालावे. थोडे थोडे शिंपडणे वाईट. वरचा थर ओला होतो आणि तळाची मुळे कोरडी राहतात. गच्चीवरच्या टाकीचे आणि नळीतले पाणी दुपारनंतर कढत झालेले असते. ते आधी वाहू द्यावे किंवा माठात, हौदात गार झालेले पाणी वापरावे. माती कोरडी आहे का हे डोळ्यांनी ठरवू नये. एक न रंगवलेली बांबूची काडी कुंडीत कायम खोचून ठेवावी. बाहेर काढल्यावर तिचे टोक ओलसर असेल तर थांबावे. संध्याकाळी सुयांवर पाण्याचा बारीक फवारा मारला की धूळ जाते आणि लाल कोळी या सूक्ष्म किडीला आळा बसतो. कोरड्या उन्हाळ्यात तिचा उपद्रव फार होतो. सुया निस्तेज, राखाडी ठिपक्यांच्या दिसू लागल्या की फांदीखाली पांढरा कागद धरून झटका द्यावा. कागदावर हलणारे ठिपके दिसले तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा फवारावे. मे महिन्यात खत देऊ नये, छाटणी करू नये, तार बांधू नये. रोहिणी लागताच, २५ मेच्या सुमारास, नवतपा सुरू होतो. त्या नऊ दिवसांत झाडाला पाणी आणि सावली याखेरीज काहीही देण्याची गरज नसते. हाच लग्नसराईचा काळ असल्याने घर बंद करून जाण्याआधी शेजारच्या कोणावर तरी पाण्याची जबाबदारी सोपवावी. या हंगामात एक दिवसाचा खंडही झाड मारायला पुरतो. चिडाच्या जुन्या सुया मे-जूनमध्ये मोठ्या प्रमाणात गळतात, त्याने घाबरून जाऊ नये. आतल्या सुया पिवळ्या होऊन गळणे नैसर्गिक. टोकाच्या नव्या सुया पिवळ्या पडल्या तर मात्र मुळांत बिघाड आहे.

मृगाचा पहिला पाऊस झाडाला खुल्या आभाळाखाली घेऊ द्यावा. धूळ धुतली जाते, कुंडीत साचलेले बोअरिंगच्या पाण्यातले क्षार वाहून जातात, आणि तीन-चार दिवसांत रंग बदलतो. जाळी काढून टाकावी, कारण ढगाळ महिन्यांत मिळेल तेवढा प्रकाश हवा. आर्द्रा आणि पुनर्वसूपर्यंत सहसा सगळे ठीक चालते. संकट येते ते झडीत. चार-पाच दिवस संततधार लागली की दाणेदार मिश्रणसुद्धा भिजून भरते, मुळांपाशी हवा राहत नाही आणि मुळे कुजवणाऱ्या बुरशींना रान मोकळे मिळते. यावर सर्वांत साधा उपाय म्हणजे कुंडीच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सरकवणे. तिरप्या कुंडीतून तळाशी अडकलेले पाणी उतरून जाते. झड तिसऱ्या दिवशीही थांबली नाही तर डोक्यावर पारदर्शक प्लास्टिकचे छप्पर करावे, चारी बाजू मोकळ्या ठेवून. कुंडीखाली पाणी झेलणारी बशी या दिवसांत ठेवूच नये.

ओलाव्यात सुयांवर पिवळे-तांबडे पट्टे उमटतात, मग सुई टोकाकडून तपकिरी होऊन गळते. हा बुरशीचा रोग आहे. धानावरच्या करप्याशी लढणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा उपाय वेगळा शिकवायला नको: एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे एका लिटरला दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम कळीचा चुना, ताजे तयार करून उघाडीच्या दिवशी फवारावे. तयार ताम्रयुक्त बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम घेतले तरी चालते. पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर आणि दुसरी श्रावणात, रोग दिसण्याची वाट न पाहता केलेली बरी. गळलेल्या सुया कुंडीत कुजू देऊ नयेत. पावसाळ्यात कुंडीच्या पृष्ठभागावर शेवाळे जमते. छायाचित्रात ते सुंदर दिसते, पण मातीचा श्वास कोंडते, खरवडून काढावे. ढेपेचे खत या दिवसांत कुंडीवर ठेवले तर अळ्या पडतात, म्हणून तेही बंद.

हस्ताच्या सरींबरोबर पाऊस ओसरू लागला की पाइनचा सुगीचा काळ येतो. सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ऊन स्वच्छ असते, रात्री गार होत जातात, आणि झाड पुढच्या वर्षाच्या कळ्या याच दिवसांत भरते. वर्षातले सर्वाधिक खत आता द्यावे. जपानी माळी मोहरीच्या जातीच्या तेलबियांची पेंड वापरतात. आपल्याकडे उभ्या धानात जवस पेरून उतेरा घेण्याची पद्धत जुनी आहे; जवसाची ढेप आणि निंबोळी पेंड समप्रमाणात भिजवून, चार-पाच दिवस मुरवून, सुपारीएवढे गोळे करून वाळवावेत आणि कुंडीच्या कडेने चार-पाच ठेवावेत. दर महिन्याला बदलावेत. भरपूर सुया असलेले झाड खते नीट घेते. सुया आखूड राहाव्यात म्हणून झाडाला उपाशी ठेवणारे काही जण असतात, त्यातून अशक्त झाड मिळते, आखूड सुयांचा बोन्साय मिळत नाही. ऑक्टोबरच्या उष्म्यात पाणी पुन्हा वाढवावे लागते, हे विसरू नये. मावा आणि पिठ्या ढेकूण याच काळात कोवळ्या शेंड्यांवर येतात. थोडे असतील तर ओल्या कापडाने किंवा ब्रशने काढून टाकणे फवाऱ्यापेक्षा चांगले.

दिवाळीनंतर काळ्या पाइनच्या दुसऱ्या बहराच्या जागी आलेल्या कळ्या मोजाव्यात. एका जागी चार-पाच आल्या असतील तर दोन ठेवून बाकीच्या काढाव्यात, नाहीतर तिथे गाठ तयार होते. वरच्या भागातल्या जुन्या सुया ओढून काढल्या की आत प्रकाश शिरतो आणि आतल्या फांद्या जगतात. अशक्त फांद्यांवरच्या जुन्या सुया राहू द्याव्यात, त्या फांद्यांचे पोट या सुयांवर चालते.

मार्गशीर्ष-पौषात तार बांधावी. थंडीत झाडातला रस मंदावलेला असतो, वाकवताना साल सहजी सुटत नाही. मऊ केलेली तांब्याची तार पाइनच्या चिवट लाकडाला चांगली. नवशिक्याने ॲल्युमिनियमची घ्यावी, ती हाताला सोपी जाते. जाडी फांदीच्या सुमारे एक तृतीयांश, वेटोळे पंचेचाळीस अंशांत, सुया तारेखाली चिरडणार नाहीत असे. पाइनच्या फांदीला आकार धरायला एक-दोन वर्षे लागतात, पण तार तेवढा काळ तशीच ठेवता येत नाही. गोंदियात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फांद्या झपाट्याने जाड होतात आणि तार सालीत रुतते, म्हणून पावसाळा संपताच तार कापून काढावी आणि थंडीत पुन्हा बांधावी. तार उलगडून काढण्याचा लोभ नको, त्यात फांद्या मोडतात. मोठ्या फांद्यांची छाटणीही थंडीतच करावी. झाडाला या काळात रात्री घरात घेण्याची गरज नाही. पाणी एक दिवसाआड पुरते, तेही सकाळी ऊन वर आल्यावर. पहाटेचे दव आणि बोचरी हवा त्याला हवीच आहे. त्याशिवाय फेब्रुवारीतल्या कळ्या एकदम आणि जोराने फुटत नाहीत.

ज्यांना एवढी देखरेख शक्य नाही, त्यांनी सुरू लावावा. तो पाइनसारखा दिसतो आणि बऱ्याच ठिकाणी पाइन म्हणून विकलाही जातो, पण त्याचे कूळ अगदी वेगळे. त्याच्या हिरव्या ‘सुया’ म्हणजे बारीक डहाळ्या असतात. खरी पाने त्यांच्या सांध्यांवर खवल्यांसारखी चिकटलेली असतात. इंडोनेशिया आणि तैवानमध्ये सुरूचे अप्रतिम बोन्साय होतात. तो कापलेल्या जुन्या लाकडावरूनही फुटतो, वर्षभर वाढतो आणि गोंदियाचा उन्हाळा आनंदाने काढतो. त्याला पाणी पाइनहून जास्त लागते, कुंडी पूर्ण वाळली की शेंडे लगेच झडतात. कुंडी बदलण्यासाठी त्याला मृगाच्या सरी योग्य, आणि शेंडे दर पंधरा दिवसांनी खुडत राहावे लागतात. आराउकारिया हे नाताळचे झाड म्हणून मिळणारे तिसरे रोप पाइनही नाही आणि बोन्सायलाही फारसे उपयोगी नाही. त्याचा शेंडा कापला की फांद्यांची मांडणी कायमची बिघडते.